कोरियन शेती, सोलापुरी गच्ची

पहिल्यांदा मी भाताची दुरडी कडुलिंबाखाली ठेवली ती मे महिन्यात. मोहोळजवळ मामांचं शेत आहे, तिथे बांधावर. कोरियन शेतीबद्दल वाचलेलं असं होतं की जमिनीला उपयोगी बुरश्या-जिवाणू पकडायला शिजवलेला भात झाडाखालच्या पालापाचोळ्यात चार-पाच दिवस ठेवायचा, मग त्यावर पांढरी, पिंजलेल्या कापसासारखी बुरशी चढते. पाचव्या दिवशी हौसेने जाऊन कापड उचललं, तर आत भाताच्या कुरड्या. कडकडीत वाळलेल्या, तेलात सोडल्या तर फुलतील अशा. मामा बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "भाचेबुवा, भात वाळवायचाच होता तर तुमच्या गच्चीवर वाळवायचा की. पेट्रोल कशाला जाळलं?"

कोरियात वर्षाला साधारण बाराशे-तेराशे मिलिमीटर पाऊस पडतो. सोलापुरात पाचशे ते सहाशे. तिकडचं रान ओलं, आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ वर आणि हवेत ओलावा नावाला नाही. बुरशीला ओल लागते, एवढी साधी गोष्ट मी विसरलो होतो. तेव्हापासून तीन वर्षं जुळे सोलापुरातल्या गच्चीवर ही पद्धत करतोय. तिच्यातलं इथे काय चालतं, काय बदलावं लागतं आणि काय सरळ सोडून द्यावं, ते सांगतो.

या पद्धतीचं नाव 'कोरियन नैसर्गिक शेती'. ती बांधली चो हान-ग्यू यांनी. जन्म १९३५, गाव दक्षिण कोरियातलं सुवॉन. साठच्या दशकात ते जपानला जाऊन तिथल्या शेतीगुरूंकडे शिकले, परत आल्यावर आपल्याकडच्या लोणची-किमची मुरवण्याच्या घरगुती ज्ञानाची त्याला जोड दिली आणि आयुष्यभर शेतकऱ्यांना शिकवत राहिले. पुढे ही पद्धत हवाई बेटांवर रुजली. तिथल्या विद्यापीठाच्या कृषी विभागाने तिच्यातल्या कृतींची मापं नीट लिहून काढली, म्हणून आज ती आपल्यासारख्यांच्या हाती लागते.

मुळातली कल्पना अशी. झाडाचं मूळ शेणखत खात नाही. पालापाचोळाही खात नाही. त्याला पाण्यात विरघळलेले क्षार लागतात, आणि शेण-पाल्यापासून ते क्षार मोकळे करण्याचं काम जमिनीतले जिवाणू आणि बुरश्या करतात. म्हणजे खत किती घातलं याच्याइतकंच ते पचवणारी मंडळी जमिनीत किती आहेत, यालाही महत्त्व आहे. रासायनिक खत हे तयार ताट वाढल्यासारखं. चो यांचं म्हणणं, आधी आचारी ठेवा. आणि हे आचारी बाटलीतून विकत आणू नका, तुमच्याच शिवारातून पकडा, कारण तुमचा उन्हाळा, तुमचं पाणी, तुमची माती त्यांच्या अंगवळणी पडलेली असते.

हे ऐकून ज्यांना जीवामृत आठवलं त्यांना ते बरोबर आठवलं. नैसर्गिक शेतीचे प्रचारक सुभाष पाळेकर यांच्या जीवामृतात शेण, गोमूत्र, गूळ, बेसन यांच्याबरोबर मूठभर माती असते, आणि ती कुठली? बांधावरची, कधी रसायन न पडलेली. ती मूठ म्हणजे विरजण. कोरियन पद्धत त्या मुठीऐवजी भाताची दुरडी ठेवते, एवढाच फरक. गच्चीवर शेती करणाऱ्या माणसाला मात्र हा फरक मोठा आहे, कारण चौथ्या मजल्यावर रोज गोमूत्र कोण आणून देणार? भात, गूळ आणि दूध घरात असतंच.

दुरडीची कृती सांगतो, कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. वेळ निवडायची ती पावसाची. मी जुलैअखेर ते सप्टेंबर एवढाच काळ धरतो. रेशनचा तांदूळ चालतो, दोन वाट्या. भात मोकळा आणि किंचित कमी शिजलेला हवा, कारण गिचगोळा झाला की आत हवा जात नाही आणि बुरशीऐवजी आंबूस वास येतो. थंड झाला की बांबूच्या दुरडीत तीन-चार बोटं उंचीचा थर द्यायचा, दाबायचा नाही. वर सुती कापड बांधायचं. जुन्या वडाखाली किंवा दाट झाडीत जिथे पाला थरावर थर साचलाय, हाताने उकरला की खाली पांढरे धागे दिसतात आणि मातीला पहिल्या पावसाचा वास येतो, ती जागा शोधायची. दुरडी अर्धी पाल्यात बसवायची, वरून पाला लोटायचा. त्यावर लोखंडी जाळी आणि जाळीवर दगड. हा दगड मी दुसऱ्या वर्षी विसरलो आणि मुंगसाने की घुशीने, कुणी ते माहीत नाही, भात साफ केला. पाऊस थेट आत पडू नये म्हणून प्लॅस्टिकचा तुकडा तिरका टाकायचा.

तीन-चार दिवसांनी बघायचं. पांढरी लव आली असेल तर जमलं. मधूनच हिरवे-पिवळे ठिपके असतील तरी हरकत नाही. पण काळं जास्त दिसलं किंवा भात गळून पाणी सुटलं, तर तो भात तिथेच पुरून नवा लावायचा. हळहळ करू नये, तांदूळ दोनच वाट्या होता.

आता या भाताइतकाच वजनाने गूळ घेऊन हाताने कालवायचा आणि काचेच्या बरणीत भरायचा. बरणी एक तृतीयांश रिकामी ठेवायची आणि तोंडाला कापड बांधायचं. घट्ट झाकण लावलं तर आतल्या वायूने बरणी फुटू शकते. कोरियन मंडळी ब्राउन शुगर वापरतात. आपल्या साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात तिची गरज नाही, गूळ घ्या, पण काळपट घ्या. पिवळाधमक गूळ हायड्रोस नावाचं रसायन घालून उजळलेला असू शकतो, आणि त्यातला गंधकाचा अंश जिवाणूंना मारक असतो. ज्यांना जगवायला निघालो त्यांनाच पहिल्या दिवशी विष घालण्यात काय अर्थ? आठवड्याभरात बरणीत चॉकलेटी लगदा होतो. इतक्या गुळात जिवाणू मरत नाहीत, पण फार हालचालही करत नाहीत. मुरांबा जसा वर्षभर टिकतो तसं हे सावलीत टिकतं.

वापरायच्या वेळी त्यांना जागं करायचं. पाच लिटर पाण्यात या लगद्याचा एक चहाचा चमचा घालायचा, हजाराला एक असं ते प्रमाण. त्या पाण्याने गव्हाचा कोंडा भिजवायचा. कोंडा पेंडीच्या दुकानात मिळतो, पाच किलो पुरे. ओल किती हवी? मुठीत दाबलं तर लाडू वळला पाहिजे आणि बोटाने टोचलं तर फुटला पाहिजे. हा ढीग गोणपाटाखाली सावलीत ठेवला की दुसऱ्या दिवशी आत हात घातल्यावर ऊब लागते. पन्नास अंशांच्या वर तापू द्यायचा नाही, हाताला सहन होईना की उलथायचा. आठवड्याने ढीग थंड होतो, वर पांढरी साय येते आणि वास ताज्या पावासारखा, गोडसर. मग तेवढीच माती मिसळायची, दोन दिवस ठेवायचं, आणि कुंडीत आच्छादनाखाली मूठ-मूठ द्यायचं. ढीग वाळला असेल तर उलथताना तोंडाला रुमाल बांधा. घरात दम्याचं माणूस असेल तर त्याला गच्चीवर येऊ देऊ नका. बुरशीची धूळ ती बुरशीचीच धूळ.

एक गोष्ट इथे स्पष्ट करतो, कारण ती उत्साहाच्या भरात चुकीची सांगितली जाते. मुळांशी घर करून झाडाला स्फुरद आणून देणाऱ्या ज्या बुरश्या असतात, मायकोरायझा, त्या भातावर येत नाहीत. त्यांना जिवंत मूळच लागतं. भातावर येतात त्या कुजवणाऱ्या. शिवाय पालक, बीट, चाकवत, मुळा, कोबी या भाज्या त्या मायकोरायझाशी फारशी सोयरीक करतच नाहीत. त्यामुळे पालकासाठी कुणी महागडी मायकोरायझाची पुडी विकत असेल तर ती दुकानातच राहू द्या.

दुसरी कृती जास्त सोपी आणि मला सगळ्यात आवडती. कैरीच्या फोडींना साखर लावून ठेवली की पाणी सुटतं, हे आपण साखरांब्याच्या वेळी दरवर्षी बघतो. साखर पेशींतलं पाणी बाहेर ओढते, आणि पाण्याबरोबर पेशीत विरघळलेलं बरंच काही बाहेर येतं. कोरियन पद्धतीत हेच कोवळ्या शेंड्यांचं करतात. शेंडे आणि गूळ समान वजनाने कालवून, बरणीत दाबून, वर कागद बांधून पाच-सात दिवस. मग गाळून रस घ्यायचा. शेंडे उजाडायच्या आत तोडायचे, कारण रात्रभरात पानं पाण्याने भरलेली असतात, आणि धुवायचे नाहीत, कारण पानांवरचेच यीस्ट पुढे रस आंबवतात.

कुठले शेंडे? कोरियात थंडीतून सगळ्यांत आधी वर येणाऱ्या रानटी वनस्पती घेतात, अंगात जोर आहे म्हणून. हा नियम उचलायचा, ती वनस्पती उचलायची नाही. सोलापुरात जोर कुणाच्या अंगात, तर जी उन्हाळ्याला भीक घालत नाही तिच्या. घोळ घ्या, म्हणजे चिघळ. फरशीच्या फटीत उगवते, पाय पडला तरी जगते. शेवग्याचे कोवळे तुरे घ्या. पावसाळ्यात रताळ्याच्या वेलाची टोकं. पाच लिटरच्या झारीत दोन चहाचे चमचे, आठवड्यातून एकदा, ऊन उतरल्यावर. जास्त घातलं तर पानं करपतात आणि गुळामुळे मुंग्यांची दिंडी लागते. मी एकदा 'थोडं जास्तच' घातलं होतं. मेथीचं आख्खं खोकं गेलं.

तिसरी कृती म्हणजे विरजण, दुसरं काही नाही. तांदळाचं धुवण बरणीत अर्ध्यापर्यंत भरून, कापड बांधून ठेवायचं. थंडीत चार दिवस, उन्हाळ्यात दोन. आंबटसर वास आला की मधलं निवळ पाणी काढून त्याच्या दहापट दुधात घालायचं. तीन-पाच दिवसांत दूध फाटून वर घट्ट साय तरंगते, खाली पिवळसर निवळी. ती निवळी म्हणजे लॅक्टिक आम्लाचे जिवाणू. तेवढाच गूळ घातला की बाहेरही टिकते. झारीला एक चमचा. ओल्या कचऱ्याच्या बादलीवर शिंपडली तर वास बसतो. हवाईत याच तत्त्वावर डुकरांच्या गोठ्यांचा वास घालवला, तर आपली बादली काय चीज आहे. आईला हे पटलं नाही. तिचं म्हणणं, "ताकाची निवळी टाक की, दूध कशाला नासवायचं?" खरं सांगायचं तर तिचं पुष्कळसं बरोबर आहे. ताकातही त्याच जातकुळीचे जिवाणू असतात. शुद्धतावाद्यांना घरच्या हवेतले रानटी जिवाणू हवे असतात, एवढंच. दूध महाग वाटलं तर ताक वापरा.

आता जिथे सरळ नक्कल अंगाशी येते ते सांगतो. कोरियन पद्धतीत अंड्याची टरफलं भाजून व्हिनेगारमध्ये टाकतात. बुडबुडे येतात, टरफलातला चुना विरघळतो आणि झाडाला देण्याजोगं कॅल्शियम तयार होतं. कृती बिनचूक आहे. पण ती जन्मली कुठे? कोरियातली माती बहुतेक आम्लधर्मी, तिथे चुना कमीच पडतो. सोलापूरच्या काळ्या मातीत चुनखडीचे खडे हाताला लागतात, सामू (pH) आठच्या वर. कॅल्शियम इथे ढिगाने आहे. अडचण उलटी आहे. एवढ्या चुन्यात लोह आणि जस्त जखडून बसतं, मातीत असून झाडाला मिळत नाही. कोवळं पान पिवळं आणि शिरा तेवढ्या हिरव्या, असं दिसलं की समजावं लोह अडकलंय. तिथे टरफलाचं पाणी देणं म्हणजे तापलेल्या माणसाला घोंगडी. तिथे उपयोगी पडतात ती सेंद्रिय आम्लं: कंपोस्ट, पालाकुजवण, वरची निवळी. तीच जखडलेलं थोडं थोडं सोडवतात. टोमॅटोच्या बुडाला काळा डाग पडतो तेव्हाही लोक कॅल्शियमची बाटली शोधतात, पण गच्चीवर त्याचं नेहमीचं कारण म्हणजे एक दिवस कोरडं, एक दिवस तुडुंब असं पाणी.

समुद्राचं पाणी पातळ करून द्या, असंही त्यात आहे. आपल्या बोअरच्या पाण्यात आधीच इतके क्षार आहेत की बादलीला पांढरं कडं बसतं. हे प्रकरण इथेच सोडा.

माशांचा अर्क म्हणजे मासे आणि गूळ समप्रमाणात, तीन महिने. पालेभाजीला नत्राचा उत्तम स्रोत. उजनीचे मासे गावात येतात, टाकाऊ भाग मागितला तर मिळतो. पण बरणी शेतात ठेवा. आमच्या सोसायटीत या विषयावर एक सभा झालेली आहे, तिचा वृत्तांत देत नाही. आलं, लसूण, दालचिनी मद्यात मुरवून केलेला अर्कही आहे. मी करत नाही, किडीसाठी दहा झाडांच्या पाल्याच्या दशपर्णी अर्काने माझं भागतं.

चो यांच्या विचारातला मला सगळ्यात पटलेला भाग मात्र बरणीत भरता येत नाही. ते म्हणतात, झाडाचं वय बघून वाढा. बाळपणी पानं वाढवायला नत्र, भरात आल्यावर फळ पोसायला पोटॅश आणि कॅल्शियम. आणि मधला, फूल धरण्याआधीचा काळ ते गरोदर बाईच्या डोहाळ्यांसारखा मानतात. तेव्हा आंबट द्यायचं, म्हणजे अगदी पातळ व्हिनेगार, आणि स्फुरद. शास्त्राच्या कसोटीला ही उपमा किती टिकेल ते टिको, पण हिच्यामुळे मी झाडाकडे बघायला लागलो. आधी रविवार बघून खत घालायचो. कळी धरलेल्या वांग्याला नत्राचा मारा केला की ते नुसतं पानांनी माजतं, हे त्यामुळे ध्यानात आलं.

आणि आता ज्यासाठी बहुतेक जण इकडे वळतात ते: अशा भाजीत पोषण जास्त असतं का? असतं, पण ज्या कारणाने लोकांना वाटतं त्या कारणाने नव्हे. जिवाणू जस्त तयार करत नाहीत. मातीत जे आहे तेच सोडवतात, आणि कुंडीतल्या दहा किलो मातीत ते मुळातच मोजकं असतं. म्हणून दर हंगामाला कंपोस्टची भर हवीच, नुसत्या चमचा-चमचा अर्कावर कुंडी चालत नाही. पोषणात मोठा फरक पडतो तो दोन गोष्टींनी. एक ताजेपणा. पालक तोडल्यापासून त्यातलं क जीवनसत्त्व उतरायला लागतं आणि उन्हात ते आणखी झपाट्याने जातं. मंडईत दुपारी पाणी मारून टवटवीत दिसणारी जुडी आणि फोडणीला टाकताना गच्चीवरून खुडलेली पानं यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, खत कुठलंही असो.

दुसरी गोष्ट वाण. याचा उत्तम दाखला आपल्याच गावात आहे. केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. तिथे 'सोलापूर लाल' हे डाळिंब तयार झालं, लोह, जस्त आणि क जीवनसत्त्व जास्त असलेलं, आणि ते साधलं संकरातून, पिढ्या निवडत. बी मध्येच जे नाही ते खताने येत नाही. तेव्हा गच्चीवर जागा कमी असेल तर कोबी-फ्लॉवरच्या नादी न लागता शेवगा, माठ, राजगिरा, हादगा, चाकवत लावा. ज्या घोळीचा मघाशी रस काढला तिची भाजीही करा, डाळ घालून. हिरव्या भाज्यांत क्वचित मिळणारं ओमेगा-३ तिच्यात चांगलं असतं. मुतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी मात्र घोळ आणि पालक बेताने.

सोलापुरात हे सगळं टिकवायचं तर खरी लढाई उन्हाशी आहे. जिवाणू पाळले आणि कुंडीची माती दुपारी तापून कोरडी पडली, तर सगळं मुसळ केरात. आच्छादन हवंच, चार बोटं जाड. उसाचं पाचट मिळतं. शेंगा फोडून चटणी करणाऱ्या घरात टरफलांची ददात नाही, तीही घाला. नुसती काळी माती कुंडीत भरू नका, ती भेगाळते. एक भाग माती, एक कंपोस्ट, एक कोकोपीट असं ठेवा. मार्चपासून हिरवी जाळी, पन्नास टक्के सावलीची.

पाण्याचं म्हणाल तर नळाच्या पाण्यातलं क्लोरीन जिवाणूंना त्रास देतं, म्हणून ते रात्रभर उघडं ठेवून वापरा असं सगळीकडे लिहिलेलं असतं. आपल्याकडे पाणी येतंच काही दिवसांआड. पिंपात साठवल्याशिवाय गत्यंतर नाही, आणि वापरायची पाळी येईपर्यंत क्लोरीन केव्हाच उडून गेलेलं असतं. निदान या एका कामात आपण कोरियाच्या पुढे आहोत.

सुरुवात करायची असेल तर दुरडीसाठी पावसाची वाट बघा, पण निवळी आजच लावता येते. रात्रीच्या भाताचं धुवण टाकू नका. बरणीवर तारीख लिहून ठेवा, आणि बरणी फ्रीजमध्ये ताकाशेजारी ठेवू नका. आमच्याकडे एकदा तिची कढी होता होता राहिली.